एका गुणाची संख्या?



‘भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या किती?’ असा प्रश्न सामान्यज्ञानाच्या परीक्षेत येतो. २०११ च्या जनगणनेप्रमाणे उत्तर आहे : १२,००,३३४. हे उत्तर लिहिले की एक गुण मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण ती संख्या विसरूनही जातो. कोणी विचारलेच तर ‘बारा लाखांच्या आसपास’ म्हणून मोकळे होतो.

माझे म्हणणे असे की, या संख्येवर हा अन्याय आहे आणि त्याहून मोठा अन्याय आपण आपल्या बुद्धीवर करतो. मोठी संख्या ही पाठ करून सोडून देण्याची वस्तू नव्हे. ती उघडून पाहावी, तिचे गुण स्वतः तपासावेत. आणि तपासताना एक पथ्य पाळावे : कोणता गुण खरोखर संख्येचा आहे, कोणता आपल्या लिहिण्याच्या पद्धतीचा आहे आणि कोणता त्या संख्येने मोजलेल्या माणसांचा आहे, हे वेगवेगळे ओळखावे. या तिन्हींची सरमिसळ झाली की गणिताचे ज्योतिष होते. हे कसे, ते याच संख्येवर पाहू.

आधी ही संख्या आली कोठून ते सांगतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत. फेब्रुवारी २०११ मध्ये प्रगणक घरोघर गेले. प्रगणक म्हणजे माणसे मोजणारे कर्मचारी. त्यांत शाळेतले गुरुजी आणि बाईही पुष्कळ असतात. हिशेबाचा क्षण एकच धरला होता : १ मार्च २०११ ची सुरुवात, म्हणजे २८ फेब्रुवारीनंतरची मध्यरात्र. त्या क्षणी जिवंत असलेला प्रत्येक माणूस एकदाच मोजायचा. तुमसरचा खाणकामगार, पवनीचा कोष्टी, लाखांदूरच्या बांधीत धानाची रोवणी करणारी बाई आणि आदल्या दिवशी जन्मलेले तान्हे मूल, प्रत्येकाचा वाटा सारखाच, एक. असे एकेक मिळवत बेरीज झाली १२,००,३३४.

आता ती उघडू या.

पहिली गोष्ट सगळेच करतात : अंकांची बेरीज. १ + २ + ० + ० + ३ + ३ + ४ = १३. झाले! ‘तेरा’ म्हटल्यावर कोणीतरी भुवया उंचावणारच. तेरा अशुभ, म्हणजे जिल्ह्याचे काही खरे नाही, असे सांगणारे ‘अंकशास्त्री’ आजही भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारा. आपल्या हातांना दहा बोटे आहेत म्हणून आपण दहा-दहाचे गट करून संख्या लिहितो. माणसाला आठच बोटे असती, तर आपण आठ-आठचे गट केले असते आणि हीच संख्या ४४५०३१६ अशी लिहिली असती. (करून पाहा : १२,००,३३४ ला आठने भागा, आलेल्या भागाकाराला पुन्हा आठने भागा, असे करत जा आणि बाक्या उलट्या क्रमाने लिहा.) या अंकांची बेरीज येते २३. माणसे तेवढीच, एकही कमी झाले नाही की वाढले नाही. मग तेरा गेला कोठे? तो माणसांत नव्हताच, संख्येतही नव्हता. तो आपल्या लेखणीत होता.

याचा अर्थ अंकांशी खेळणे वाईट असा मुळीच नाही. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे शिक्षक होते. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले आणि उरलेल्या वेळात कागद-पेन्सिलीने संख्यांचा शोध घेतला. १९४९ मध्ये त्यांना सापडलेली गंमत तुम्ही आत्ता करून पाहू शकता. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. जनगणनेचे वर्षच घेऊ : २०११. यातल्या अंकांची सर्वांत मोठी संख्या २११०, सर्वांत लहान ०११२. वजाबाकी १९९८. पुन्हा तसेच : ९९८१ − १८९९ = ८०८२. पुन्हा : ८८२० − ०२८८ = ८५३२. पुन्हा : ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि आता ७६४१ − १४६७ = ६१७४! येथे गाडी थांबली. कोणतेही चार अंक घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही ६१७४ वर पोचता. सुरुवातीला अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि देवळालीच्या गुरुजींचे नाव जगभर झाले.

मग कापरेकर आणि अंकशास्त्री यांच्यात फरक काय? दोघेही अंकांशीच खेळतात. फरक असा : अंकशास्त्री म्हणतो ‘विश्वास ठेवा’, कापरेकर म्हणतात ‘करून पाहा’. अंकशास्त्र्याचे विधान खोटे ठरवायची सोयच नसते. कापरेकरांचे विधान चुकीचे असते तर एका मुलाने एका वजाबाकीत ते खोटे ठरवले असते.

आता अंक सोडून संख्येकडे वळू. शेवटचा अंक ४, म्हणून ती सम आहे : १२,००,३३४ = २ × ६,००,१६७. पुढे? ६,००,१६७ विषम आहे. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून पाचने भाग जात नाही. अंकांची बेरीज २०, म्हणून तीननेही जात नाही. सातने भागा : ७ × ८५,७३८ = ६,००,१६६. अरेरे, बाकी १! अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, कोणीच भाग घेईना.

असे किती वेळ करायचे? सहा लाखांपर्यंत? नाही. येथेच गणित आपले कष्ट वाचवते. समजा ६,००,१६७ हा दोन संख्यांचा गुणाकार आहे. त्या दोन्ही ७७४ पेक्षा मोठ्या असू शकत नाहीत, कारण ७७५ × ७७५ = ६,००,६२५, म्हणजे आपल्या संख्येच्या पुढे. तेव्हा एक तरी अवयव ७७४ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. शिवाय फक्त मूळ संख्यांनीच भागून पाहिले की पुरे. ज्या संख्येला दोनने भाग जात नाही, तिला चार किंवा सहाने कसा जाईल? ७७४ पर्यंत मूळ संख्या आहेत १३७. एराटोस्थेनिसच्या चाळणीने त्या तुम्ही अर्ध्या तासात काढाल. त्यांतल्या २, ३, ५ आपण नुसत्या नजरेने बाद केल्या. उरले १३४ भागाकार. एकाला दोन मिनिटे धरली तर साडेचार तासांचे काम, म्हणजे पावसाळ्यातल्या एका रविवारचे.

मी ते केले. वहीची सात-आठ पाने भरली. दोन ठिकाणी गुणाकार चुकला, पुन्हा केला. शेवटचा भागाकार ७७३ चा : ७७३ × ७७६ = ५,९९,८४८, बाकी ३१९. एकाही मूळ संख्येने भाग गेला नाही. म्हणजे ६,००,१६७ ही स्वतःच मूळ संख्या आहे! सहा लाखांच्या आसपास सरासरीने दर तेरा संख्यांमागे एकच मूळ संख्या सापडते. त्यांतली ही एक.

वाटेत एक नवल दिसले. सातने भागताना बाकी १ आली होती. १६३ ने भागले, पुन्हा बाकी १. २६३ ने भागले, पुन्हा बाकी १! तीनदा एकच बाकी का यावी? आधीची संख्या ६,००,१६६ पाहा. ती आहे २ × ७ × १६३ × २६३. चारही मूळ संख्या तिच्यात गुंफलेल्या आहेत, म्हणून तिच्यात एक मिळवताच चौघांचीही बाकी एकच उरते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी युक्लिडने हीच कल्पना वापरून मूळ संख्या अनंत आहेत हे सिद्ध केले. काही मूळ संख्या घ्या, त्यांचा गुणाकार करा, एक मिळवा. त्यांतली कोणतीच तिला भागणार नाही, म्हणून तिचा मूळ अवयव यादीबाहेरचाच असणार. मात्र अशी संख्या नेहमी मूळच असते असे समजू नका. २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१ आणि ही आहे ५९ × ५०९. म्हणून ६,००,१६७ साठी १३४ भागाकार करावेच लागले. युक्लिडच्या पुस्तकातली गोष्ट अशी आपल्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत भेटावी, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

तर १२,००,३३४ = २ × ६,००,१६७. कवायतीच्या भाषेत सांगायचे, तर जिल्ह्यातली सर्व माणसे समान रांगांत उभी करायची झाली, तर एक रांग किंवा दोन रांगा (नाहीतर मग दोघा-दोघांच्या ६,००,१६७ रांगा किंवा एकेकट्याच्या बारा लाख रांगा). तीन, पाच, दहा, शंभर, कितीही समान रांगा करू म्हटले तरी कोणीतरी बाहेर राहणारच. हा गुण लेखणीचा नाही. आठाच्या गटांनी लिहा, बाराच्या लिहा, खडे मांडून दाखवा. दोनच्या पुढे रांगा जमणार नाहीत. संख्येचा खरा गुण म्हणतात तो असा.

आता तीच माणसे दोन भागांत पाहू. मुलगे धरून पुरुष ६,०५,५२० आणि मुली धरून स्त्रिया ५,९४,८१४. पुरुषांची संख्या उघडली तर निघते ८० × ८७ × ८७. ऐंशी मैदाने, प्रत्येक मैदानात ८७ रांगा, प्रत्येक रांगेत ८७ जण, कोणी उरत नाही! या संख्येला तब्बल ९० विभाजक आहेत. शिवाय तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ ने तिला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ हे सुंदर नाव दिले. (हर्षद असणे हा मात्र लेखणीचा गुण, हे तुम्ही आता ओळखलेच असेल.) स्त्रियांची संख्या आहे २ × ११ × १९ × १४२३, म्हणजे ४१८ रांगा आणि प्रत्येकीत १४२३ जणी. तिला १६ विभाजक.

दोन्ही संख्या वेगवेगळ्या किती सहज रांगांत बसतात! आणि दोन्हींची बेरीज केली की सारी घडी विस्कटते; विभाजक उरतात अवघे चार. बेरजेला गुणाकाराची घडी कळत नाही. ही साधी दिसणारी गोष्ट गणितातल्या कित्येक अवघड प्रश्नांच्या मुळाशी आहे. दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते काय, हा प्रश्न गोल्डबाखने १७४२ मध्ये ऑयलरला पत्रातून कळवला. मूळ संख्या या गुणाकाराच्या विटा, आणि प्रश्न बेरजेचा. म्हणूनच तो आजही सुटलेला नाही.

येथपर्यंत आले की दुसरा मोह होतो. ‘पाहा, भंडाऱ्याची लोकसंख्या किती एकसंध, तिचे तुकडेच पडत नाहीत!’ असे भाषणात म्हणायला कोणालाही आवडेल. हीदेखील सरमिसळच. त्या मध्यरात्रीनंतर पहिले मूल जन्मले की संख्या झाली १२,००,३३५ आणि तिला पाचने भाग गेला. एक माणूस कमी धरा, १२,००,३३३ ला तीनने भाग जातो. शिवाय मोजणीही अचूक नसते. २०११ च्या मोजणीनंतर नमुना-भागांत फेरतपासणी झाली, तेव्हा देशपातळीवर हजारी सुमारे २३ माणसे मोजणीतून सुटल्याचे दिसले. मग शेवटच्या ‘४’ ची खात्री कोण देणार? दोन आणि ६,००,१६७ हे अवयव कागदावरच्या संख्येचे आहेत. ते कायमचे खरे आहेत. पण ते जिल्ह्याविषयी काहीही सांगत नाहीत.

जिल्ह्याविषयी सांगते ती साधी वजाबाकी : ६,०५,५२० − ५,९४,८१४ = १०,७०६. पुरुषांपेक्षा स्त्रिया १०,७०६ ने कमी. म्हणजे हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया. या वजाबाकीत चमत्कार नाही, मूळ संख्या नाही, हर्षदही नाही. पण एखाद्या समजदार विद्यार्थ्याने थांबून विचार करावा, अशी संख्या ही आहे. आणि गंमत अशी की, मोजणीत थोडी चूक असली तरी या वजाबाकीचा अर्थ साफ पुसला जात नाही. मूळ अवयव मात्र एका माणसाच्या चुकीने कोलमडतात. कोणत्या प्रश्नाला कोणती संख्या लावायची हे ज्याला कळले, त्यालाच संख्या वाचता येते असे मी म्हणेन.

‘एवढा खटाटोप कशाला? संगणक हे अवयव डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगतो,’ असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. सहा अंकी संख्येला त्याला काहीच वेळ लागत नाही. पण शेकडो अंकी संख्या दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनवली, तर तिचे अवयव शोधताना आजचे बलाढ्य संगणकही हात टेकतात. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शामीर आणि अ‍ॅडलमन यांनी याच अडचणीचे कुलूप बनवले. दूरवरच्या संगणकांतले व्यवहार गुप्त राखायला ते कुलूप आजही वापरले जाते. आणि एखादी संख्या मूळ आहे की नाही हे झटपट व खात्रीने ठरवण्याची रीत २००२ मध्ये कोणी शोधली? कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी. त्यांतले दोघे तेव्हा नुकतेच पदवीधर झाले होते. ज्याने एकदा तरी हाताने १३४ भागाकार केले आहेत, त्यालाच ‘झटपट’ या शब्दाची किंमत कळते. संगणक उत्तर देतो. ‘७७४ ला का थांबायचे?’ हा प्रश्न आपल्यालाच पडावा लागतो.

आणखी एक मनातली गोष्ट. मोठे गणित मोठ्या शहरात, मोठ्या इमारतीत होते, आपण फक्त त्याची पुस्तके वाचायची, अशी आपल्या अनेक विद्यार्थ्यांची समजूत असते. ती काढून टाका. कापरेकरांजवळ प्रयोगशाळा नव्हती. साकोलीच्या किंवा लाखांदूरच्या मुलाजवळ वही आहे, पेन्सिल आहे आणि उघडून पाहायला आपल्या गावाची संख्या आहे. बाकी काही लागत नाही.

म्हणून ही मासिकाची पाने मिटण्यापूर्वी एवढे करा. ग्रामपंचायतीतून किंवा शाळेतून आपल्या गावाची २०११ ची लोकसंख्या मिळवा. तिचे अवयव काढा. वर्गमूळ येईपर्यंतच भागा आणि तेथे का थांबलात ते खाली लिहा. मग स्त्री-पुरुषांचा फरक काढा आणि त्याचाही अर्थ लिहा. हात साफ करायला एक कोडे देतो : ६,००,१६७ ला ७१, ७९ आणि १०७ ने भागा. तिन्ही वेळा बाकी एकच येईल. का, ते तुम्हीच शोधा. युक्ती वर सांगितलीच आहे.

२०२१ मध्ये व्हायची जनगणना झाली नाही. ती २०२७ मध्ये घेण्याचे सरकारने जाहीर केले. तिच्यातून भंडाऱ्याची नवी संख्या येईल. २०११ मध्ये तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता. नव्या संख्येत मात्र तुम्ही असाल, एक म्हणून. ती वर्तमानपत्रात छापून आली की पाठ करू नका. वही काढा आणि भागाकाराला बसा.